युद्धात अवयव गमावलेल्या नागरिकांसाठी कृत्रिम हात-पाय : स्वयंसेवी गटांनी कोणत्या क्रमाने काम करावे

युद्धात किंवा भूसुरुंगाच्या स्फोटात हात-पाय गमावलेल्या नागरिकांना कृत्रिम अवयव मिळवून देण्यासाठी जे स्वयंसेवी गट उभे राहतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कामाचा क्रम उलटा असतो. आधी आवाहन होते, मग पैसे किंवा वापरलेले पाय गोळा होतात, त्यानंतर ते बसवण्यासाठी माणसांचा शोध सुरू होतो, आणि बसवलेला पाय काही महिन्यांनी सैल झाला की तो दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न सर्वांत शेवटी पुढे येतो. तोवर गट परतलेला असतो, पाय घराच्या कोपऱ्यात पडलेला असतो आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर आलेला असतो. हे टाळायचे असेल तर दुरुस्तीची जागा आधी, माणूस त्यानंतर आणि पाय सर्वांत शेवटी, अशा क्रमाने काम उभे करावे लागते.

हा लेख तंत्रज्ञ नसलेल्या स्वयंसेवकांसाठी आहे. साचा कसा घ्यावा किंवा सॉकेट (कृत्रिम अवयवाचा शरीरावर बसणारा पोकळ भाग) कसे बनवावे हे यात शिकवलेले नाही, कारण ते प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. मात्र ते काम नीट होते आहे की नाही हे स्वयंसेवकाला ओळखता यावे, इतका तपशील दिला आहे. अवयवछेदनानंतर शरीराला उरलेल्या भागाला केंद्रांमध्ये स्टम्प म्हणतात. तोच शब्द पुढे वापरला आहे.

टप्पा १ : दुरुस्तीची जागा निश्चित करा

निधी मागण्यापूर्वी, ज्या भागात काम करायचे आहे तेथील चालू असलेले पुनर्वसन केंद्र शोधावे. युद्धग्रस्त प्रदेशातही असे केंद्र बहुधा असते. काबूलमध्ये रेड क्रॉसचे केंद्र १९८८ पासून चालू आहे, कंबोडियात बाट्टाम्बांग येथे आहे, गाझा शहरात नगरपालिकेचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि युक्रेनमधील ल्विव्ह येथे अलीकडच्या युद्धानंतर नवी केंद्रे उभी राहिली आहेत. आपल्या गटाने त्यांच्या शेजारी दुसरे तात्पुरते दुकान मांडण्यापेक्षा त्यांच्या कामात नेमके कोठे अडते आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

केंद्राच्या प्रमुखाशी बोलताना पुढील गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. सध्या कोणत्या पद्धतीचे अवयव बनतात आणि त्यांचे सुटे भाग कोठून येतात? प्रशिक्षित प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बनवून बसवणारे तज्ज्ञ) किती, फिजिओथेरपिस्ट किती, आणि स्त्री-रुग्णांसाठी स्त्री-कर्मचारी आहेत का? प्लास्टिकचा पत्रा तापवणारी भट्टी, हवा ओढणारा पंप आणि साचा घासण्याचे यंत्र यांना पुरेशी वीज मिळते का? पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा सुमारे १८० अंशांपर्यंत सारखा तापवावा लागतो, आणि तो भट्टीत असताना वीज गेली तर तो पत्रा बहुधा वाया जातो. शेवटचा प्रश्न प्रतीक्षायादीचा असावा: माणसे थांबली आहेत ती पायांच्या अभावी, की दुसऱ्या कशासाठी?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक गटांना अनपेक्षित वाटते. अडचण पुष्कळदा पायांची नसतेच. दूरच्या गावातून येण्याचे भाडे, केंद्राजवळ राहण्याची सोय, सोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी, जनित्राचे इंधन किंवा फिजिओथेरपिस्टचा पगार, यांपैकी एखादी गोष्ट अडलेली असते. ती सोडवण्याला आकर्षक छायाचित्र मिळत नाही, पण अशा वेळी त्याच पैशातून सर्वाधिक माणसे चालू लागतात, आणि गटाने पैसा तेथेच घालावा असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने इंटरनॅशनल सोसायटी फॉर प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स या संस्थेबरोबर २०१७ मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत ही सेवा चार पायऱ्यांची मानली आहे: तपासणी, निर्मिती व जोडणी, वापराचे प्रशिक्षण, आणि सुपूर्द करून पाठपुरावा. केंद्राशी लेखी करार करताना या चारही पायऱ्यांसमोर जबाबदार माणसाचे नाव लिहावे. एखाद्या पायरीसमोरची जागा रिकामी राहत असेल, तर ती भरेपर्यंत पुढे जाऊ नये.

तपासा : गट उद्या बंद पडला तरी बसवलेला पाय दुरुस्त करणारा माणूस, जागा आणि सुटे भाग त्या प्रदेशात उरतील का? उत्तर नकारार्थी असेल तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

टप्पा २ : गटाने काय करायचे आणि काय करायचे नाही

प्रवासाची व निवासाची व्यवस्था, दुभाषाचे काम, नोंदवही, सुट्या भागांची खरेदी, रुग्णांशी नियमित संपर्क आणि नव्या रुग्णाची जुन्या रुग्णाशी भेट घडवणे ही स्वयंसेवकांची कामे आहेत. माप घेणे, साचा घेणे, सॉकेट घासून सैल करणे, पायाची जोडणी फिरवणे आणि वेदनेवर औषध सुचवणे ही त्यांची कामे नाहीत, मग ते कितीही हुशार अभियंते असोत. पाना फिरवून पायाचा कोन बदलणे सोपे दिसते, परंतु चुकलेला कोन गुडघ्यावर आणि कमरेवर महिनोन्‌महिने ताण आणतो आणि ती हानी लगेच दिसत नाही.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनाही येथे एक मर्यादा घालावी. आठवड्याभरासाठी आलेल्या तज्ज्ञाने स्वतः पन्नास पाय बसवण्यापेक्षा स्थानिक तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहून पाच अवघड जोडण्या त्याच्याकडून करून घ्याव्यात. कंबोडियात १९९४ मध्ये प्रोस्थेटिस्ट घडवणारी शाळा सुरू झाली आणि नंतर तिच्यात शेजारच्या देशांतले विद्यार्थीही शिकू लागले. ज्ञान तेथेच राहिले तर काय होते, याचे ते उदाहरण आहे.

टप्पा ३ : नोंदणी आणि निवड

युद्धाच्या काळात नावांची यादी हीच धोकादायक वस्तू ठरू शकते. एखाद्याचे गाव, जखमेची तारीख आणि जखमेचे कारण एकत्र आले की तो कोणत्या बाजूच्या ताब्यातील भागात होता, हे कोणालाही कळते. म्हणून नाव एका वहीत आणि क्रमांकासह वैद्यकीय तपशील दुसऱ्या वहीत, अशी विभागणी सुरुवातीपासून करावी. संदेशांच्या गटांवर याद्या फिरवू नयेत. सीमा किंवा तपासणी नाके ओलांडताना कोणते कागद बरोबर असावेत, हे स्थानिक केंद्राला विचारूनच ठरवावे.

नोंदीत पुढील बाबी असाव्यात: वय, वजन (अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजलेले), अवयवछेदन कोठे व केव्हा झाले, त्यानंतर किती शस्त्रक्रिया झाल्या, जखम वाहते का, दुसऱ्या पायाची व हातांची स्थिती, दृष्टी व ऐकू येणे, आधी कधी कृत्रिम अवयव वापरला होता का आणि तो का सुटला. त्यानंतर कामाचा प्रश्न येतो. ही व्यक्ती चिखलात काम करते की सपाट फरशीवर, घरात जमिनीवर बसते का, उकिडवे बसावे लागते का, पाणी किती अंतरावरून आणते? पायाचा प्रकार या उत्तरांवरून ठरतो, देणगीच्या पेटीत काय आले आहे यावरून नाही.

दुसऱ्या पायाबद्दलचा प्रश्न वगळू नये. सुरुंगावर पाऊल पडलेल्या माणसाचा एक पाय जातो तेव्हा दुसऱ्या पायातही पुष्कळदा कपऱ्या शिरलेल्या असतात. ज्या पायावर संपूर्ण भार टाकायचा, तोच अधू असेल तर सगळे नियोजन बदलते. सुरुंग हाताळताना स्फोट झाला असेल तर हात, चेहरा आणि डोळे एकाच वेळी जखमी झालेले असतात.

निवड करताना "फक्त युद्धातले जखमी" अशी अट घालण्याचा मोह होतो, कारण देणगीदाराला ते समजावणे सोपे जाते. ही अट घालू नये. क्लस्टर बाँबवर बंदी घालणाऱ्या २००८ च्या कराराच्या पाचव्या कलमात नेमके हेच म्हटले आहे की, या शस्त्रांचे बळी आणि इतर कारणांनी जायबंदी झालेले लोक यांच्यात भेदभाव करू नये, आणि फरक केलाच तर तो वैद्यकीय, पुनर्वसनाच्या, मानसिक किंवा सामाजिक-आर्थिक गरजेवरच आधारलेला असावा. व्यवहारातही हेच शहाणपणाचे आहे, कारण एकाच रांगेत बसलेल्या दोघांपैकी मधुमेहाने पाय गेलेल्याला परत पाठवणारा गट त्या गावात फार काळ टिकत नाही.

सावधान : पाय मिळण्याच्या बदल्यात छायाचित्र किंवा मुलाखत, असा व्यवहार उघडपणे किंवा अप्रत्यक्षपणे होऊ देऊ नका. संमती पाय सुपूर्द झाल्यानंतर आणि स्वतंत्रपणे मागावी, म्हणजे नकार देणाऱ्याला काही गमवावे लागणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती पुरेशी न मानता मुलालाही विचारावे.

टप्पा ४ : स्टम्प तयार होईपर्यंत माप घेऊ देऊ नका

सर्वाधिक पाय येथे वाया जातात. माणूस उत्सुक असतो, गटाला घाई असते, तंत्रज्ञ चार दिवसांसाठीच आलेला असतो, आणि सुजलेल्या स्टम्पवर साचा घेतला जातो. सूज उतरली की सॉकेट सैल होते, स्टम्प आत खाली घसरतो, हाडाचे टोक तळाला टेकते आणि कातडी फाटते. मग तो माणूस तो पाय पुन्हा घालायला तयार होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

युद्धातील जखमांना इतर जखमांपेक्षा जास्त वेळ लागतो, याचे कारण जखमेच्या स्वरूपातच आहे. स्फोटाने माती, गवत, कापड आणि चपलेचे तुकडे स्नायूंच्या थरांमधून वर ढकलले जातात. त्यामुळे अशी जखम लगेच शिवत नाहीत. ती स्वच्छ करून काही दिवस उघडी ठेवतात आणि मग बंद करतात. वरून भरलेली दिसणारी जखम आतल्या हाडाच्या संसर्गामुळे कित्येक आठवड्यांनी पुन्हा वाहू लागू शकते. सगळे सुरळीत असेल तर पहिला, तात्पुरता पाय जखम भरल्यानंतर काही आठवड्यांनी बसवता येतो, पण स्टम्पचा आकार पूर्ण स्थिरावायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणजे पहिल्या वर्षात सॉकेट किमान एकदा बदलावे लागणार, हे गृहीत धरूनच खर्च मांडावा.

वाट पाहण्याचा हा काळ रिकामा जाऊ द्यायचा नाही. फिजिओथेरपिस्टने एकदा दाखवून दिल्यावर पुढील गोष्टी स्वयंसेवक घरी जाऊन पाहू शकतात.

पट्टी बांधणे : लवचीक पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल होत जाईल अशी बांधावी, आणि दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधावी. गोल गोल वेढे घेतले किंवा वरचा वेढा घट्ट झाला तर रक्त टोकाशी अडकते आणि स्टम्प खाली फुगीर होतो. बधिरपणा, रंग बदलणे किंवा वाढती वेदना जाणवल्यास पट्टी लगेच सोडावी.

सांधा आखडू न देणे : गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणे सुखाचे वाटते, आणि नातेवाईक प्रेमाने ती ठेवतातही, पण त्याने गुडघा वाकलेलाच राहतो आणि काही आठवड्यांत सरळ होईनासा होतो. गुडघ्याच्या वर अवयवछेदन झाले असेल तर हाच धोका कमरेच्या सांध्याला असतो. उशी काढावी, चाकाच्या खुर्चीत बसताना गुडघा सरळ राहील अशी फळी ठेवावी, आणि शक्य असल्यास दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपावे. आखडलेल्या सांध्यावर चांगल्यात चांगला पायही नीट चालत नाही.

बळ आणि तोल : कृत्रिम पायाने चालायला जास्त श्रम पडतात. गुडघ्याखालील अवयवछेदनानंतर शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे २५ टक्क्यांनी, तर गुडघ्यावरील अवयवछेदनानंतर ६० ते ७० टक्क्यांनी वाढतो. अन्नाचीच टंचाई असलेल्या छावणीत याचा अर्थ गंभीर आहे, म्हणून आहाराचा प्रश्न पायाच्या प्रश्नापासून वेगळा काढू नये.

त्वचा आणि वेदना : स्टम्प रोज धुऊन कोरडा करणे, आरशात टोक पाहणे आणि हलक्या हाताने चोळून स्पर्शाची सवय करणे, एवढे रोज व्हावे. नसलेल्या पायात कळा येणे ही खरी वेदना आहे. ती वेडेपणाची खूण नाही, हे घरच्यांसमोर स्पष्ट सांगावे. मात्र एका ठराविक जागी बोट टेकताच विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठत असेल, तर तेथे मज्जातंतूची गाठ असण्याची शक्यता आहे. स्फोटात गेलेल्या पायात हाडाची नवी वाढही होऊ शकते. अशा वेळी साचा घेण्याआधी शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे.

तपासा : जखम पूर्ण बंद आहे का, कोठेही स्राव नाही ना? सलग दोन आठवडे एकाच वेळी, एकाच खुणेवर घेतलेला स्टम्पचा घेर जवळपास सारखा आहे का? सांधा सरळ होतो का? कुबड्या घेऊन ही व्यक्ती न थकता काही अंतर चालू शकते का? चारांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर निर्णय केंद्रातील तज्ज्ञांवर सोपवावा आणि गटाच्या वेळापत्रकाचे कारण पुढे करू नये.

प्रत्येकालाच पाय बसवणे योग्य असते असेही नाही. दोन्ही पाय गुडघ्याच्या वर गेलेल्या, वयस्क किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला चांगली चाकाची खुर्ची पुष्कळदा अधिक स्वातंत्र्य देते. आणि कृत्रिम पाय वापरणाऱ्यालाही स्टम्पला जखम झाली की कुबड्या किंवा खुर्ची लागतेच. म्हणून पाय दिला की कुबड्या परत घेण्याची काही ठिकाणची पद्धत तत्काळ बंद करावी.

टप्पा ५ : सुटे भाग आणि वापरलेले अवयव

आता कोठे साहित्याची वेळ आली. नवे साहित्य घ्यायचे असेल तर केंद्रात जी पद्धत चालू आहे तिचेच घ्यावे. रेड क्रॉसच्या पद्धतीत पाय मुख्यतः पॉलिप्रॉपिलीनच्या भागांचा असतो. तो स्वस्त, पाण्यात टिकणारा आणि जागच्या जागी दुरुस्त होणारा आहे. जयपूर फूट रबराचा असल्याने अनवाणी चालता येते आणि उकिडवे बसता येते. ताठ घोटा आणि मऊ टाच असलेला सॅच प्रकारचा पाऊल साधा व टिकाऊ असतो. यांतले चांगले कोणते, हा वाद गटाने घालण्याचे कारण नाही. पाच वर्षांनी ज्याचा सुटा भाग त्याच गावात मिळेल, तो चांगला.

वापरलेल्या अवयवांचे दान हा वेगळा विषय आहे. पूर्ण पाय जसाच्या तसा दुसऱ्याला बसवता येत नाही, कारण सॉकेट एका विशिष्ट शरीराच्या साच्यावर बनलेले असते. म्हणून पाय उघडून पुढीलप्रमाणे वेगळा करावा.

पुन्हा वापरता येण्याजोगे : पाऊल, गुडघ्याचा सांधा, नळी आणि जोडभाग, तेही तंत्रज्ञाने तपासल्यानंतरच.

पाठवू नयेत असे : सॉकेट, सिलिकोनचे लायनर (सॉकेटच्या आत स्टम्पवर चढवायचे मऊ आवरण), गुडघ्यावरचे रबरी वेष्टन, स्टम्पवर घालायचे वापरलेले मोजे, झिजलेले पट्टे. हे त्वचेला लागणारे भाग आहेत आणि लायनर तर मूळ वापरकर्त्याकडेच सहसा वर्षभरात झिजते.

प्रत्येक भागावर उत्पादकाचे नाव, डावा-उजवा, माप आणि वजनाची मर्यादा लिहिलेली चिठ्ठी बांधावी. ६० किलोपर्यंतच्या व्यक्तीसाठी बनवलेले पाऊल ९० किलोच्या शेतकऱ्याला लावले तर ते ओझे उचलताना मोडू शकते. पाऊल वाकवून आवाज येतो का, बाहेरचे आवरण फाटले आहे का, स्क्रूचे आटे घासले आहेत का, गुडघा बाजूला हलतो का, हे पाहावे; शंका आली तर तो भाग बाद करावा. पाश्चिमात्य देशांत सर्रास वापरले जाणारे पिरॅमिड जोड (भाग एकमेकांना जोडून कोन बदलता येणारे धातूचे जोडभाग) आणि ३० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या रेड क्रॉसच्या पॉलिप्रॉपिलीन भागांना थेट जुळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. संगणक-नियंत्रित गुडघे चार्जर, बॅटरी आणि जुळणी करणारा प्रशिक्षित माणूस यांच्याशिवाय पाठवणे म्हणजे केंद्राच्या कपाटात अडचण पाठवणे आहे.

सावधान : केंद्राची लेखी मागणी हातात आल्याशिवाय पेटी रवाना करू नका. राळ, कार्बन फायबर, बॅटऱ्या यांसारख्या वस्तू संघर्षाच्या प्रदेशात लष्करी उपयोगाच्या शक्यतेमुळे अडवल्या जाऊ शकतात, आणि एका वस्तूमुळे पूर्ण पेटी महिनोन्‌महिने सीमेवर पडून राहू शकते. संशयित वस्तूंची पेटी वेगळी ठेवावी.

टप्पा ६ : साचा, जोडणी आणि चाचणी

या टप्प्यात स्वयंसेवकाने फक्त पाहायचे आणि विचारायचे आहे. तंत्रज्ञ प्रथम हाडांच्या जागांवर खुणा करतो, त्यावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतो, त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टम्पची प्रतिकृती बनवतो आणि मग ती प्रतिकृती घासून सुधारतो. हे सुधारणेच सर्वांत कौशल्याचे आहे. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, नडगीच्या आतल्या बाजूचा उतार आणि पोटरीचा मऊ भाग दाब सहन करतात. बाहेरच्या बाजूला असलेले लहान हाडाचे डोके, नडगीची धार आणि हाडाचे कापलेले टोक सहन करत नाहीत. पहिल्या भागांवर दाब द्यायचा आणि दुसऱ्यांना मोकळीक द्यायची, यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

जोडणीही तीन वेळा तपासली जाते: आधी टेबलावर, मग व्यक्ती उभी असताना, मग चालताना. यांतली तिसरी तपासणी घाईत गाळली जाते. जोडणीच्या दिवशी ही व्यक्ती रोज घालते तीच चप्पल किंवा बूट बरोबर आणायला सांगावे, कारण पाऊल टाचेच्या एका ठराविक उंचीसाठी जुळवलेले असते. टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस पडतो.

तपासा : उभे राहिल्यावर कमरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का? चालताना शरीर एका बाजूला झुकते का, पाय बाहेरून वळसा घेऊन येतो का, चांगल्या पायाच्या चवड्यावर उचलून चालावे लागते का? पंधरा-वीस मिनिटे घातल्यानंतर पाय काढून स्टम्प पाहावा. दाब सहन करणाऱ्या जागी आलेली लाली १० ते १५ मिनिटांत गेली तर ठीक. हाडावर उमटलेली आणि न जाणारी लाली म्हणजे सॉकेटमध्ये बदल हवा. "सवय होईल" हे उत्तर येथे स्वीकारू नये.

टप्पा ७ : चालायला शिकणे

पाय घालून दोन पावले टाकली, टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम संपला, असे होऊ देऊ नये. पाय स्वतः घालता-काढता येणे, मोजे किती चढवायचे हे कळणे, समांतर दांड्यांमध्ये तोल सांभाळणे, मग काठीने, मग उतारावर, पायऱ्यांवर आणि खडबडीत जमिनीवर चालणे, पडल्यावर उठणे, एवढे सगळे शिकायचे असते. गुडघ्याखालील पायासाठी साधारण एक-दोन आठवडे आणि गुडघ्यावरील पायासाठी त्याहून बरेच जास्त दिवस केंद्राजवळ राहण्याची सोय करावी.

सुरुवातीला पाय थोडा थोडा वेळ घालावा, दर वेळी काढून त्वचा पाहावी आणि मग वेळ वाढवावा. स्टम्प बारीक होऊ लागला की मोज्याचा आणखी एक थर चढवायचा. थर वाढत जाऊन सॉकेटमध्ये मोजेच जास्त झाले की नव्या सॉकेटची वेळ आली.

या टप्प्यावर सर्वांत मोठा आधार असतो तो आधीच चालू लागलेल्या माणसाचा. काबूलच्या केंद्रातील बहुसंख्य कर्मचारी स्वतः अपंगत्व असलेले आहेत, आणि तेथे येणाऱ्या नव्या रुग्णाला पाय बनवणारा, चालायला शिकवणारा माणूसही कृत्रिम पायावर उभा दिसतो. जे धैर्य त्या दर्शनाने येते, ते कोणत्याही समुपदेशनाने येत नाही. गटाच्या निधीतून अशा एका माणसाचा पगार निघत असेल, तर तो आनंदाने द्यावा.

हात गमावलेल्यांसाठी वेगळा विचार

वरील टप्पे पायांचे आहेत. हातांच्या बाबतीत प्रश्न आधी कामाचा विचारावा. जेवणे, कपडे घालणे, शौचास जाऊन स्वतः स्वच्छ होणे, यांपैकी कशाला मदत हवी आहे? साधा आकडा (हूक) दिसायला चांगला नसला तरी वस्तू धरतो. सुबक रबरी हात बहुधा काहीच धरत नाही. दोन्ही हवे असतील तर दोन्ही द्यावेत, कारण लोकांमध्ये वावरताना हात दिसणे हीही गरज आहे.

त्रिमितीय छपाईने बनवलेले हात स्वयंसेवकांमध्ये लोकप्रिय आहेत, आणि बोटे नसलेल्या पण मनगट हलणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडतात. मनगटच नसेल तर ती रचना चालत नाही. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडते, त्यामुळे उन्हात बंद गाडीत ठेवलेला किंवा गरम पाण्यात बुडालेला हात वाकडा होतो. अशा छपाईवर भार पेलणारा पाय कधीही बनवू नये.

दोन्ही हात गेलेल्या, त्यातही दृष्टी गेलेल्या व्यक्तीला कृत्रिम हातापेक्षा शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. क्रुकेनबर्ग शस्त्रक्रियेत कोपराखालची दोन हाडे वेगळी करून त्यांचा चिमटा बनवतात. तो दिसायला धक्कादायक असतो, परंतु त्याला स्पर्श कळतो. सिएरा लिओनच्या यादवी युद्धात दोन्ही हात तोडले गेलेल्या काही जणांवर ही शस्त्रक्रिया झाली. तिचा निर्णय व्यक्तीने आणि शल्यचिकित्सकाने घ्यायचा आहे. गटाने फक्त हा पर्याय त्यांच्या कानावर गेला आहे ना, एवढे पाहावे.

टप्पा ८ : पाठपुरावा आणि पुढचे पाय

प्रौढ व्यक्तीचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी, तर वाढत्या मुलाचा सहा महिने ते वर्षभराने बदलावा लागतो. आठ वर्षांच्या मुलीला आज पाय दिला, तर ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिला दहा ते वीस पाय लागतील. शिवाय हाड मधोमध कापलेले असेल तर मुलांमध्ये त्या टोकाची वाढ होऊन ते कातडीतून बाहेर येऊ पाहते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून मुलांची संख्या ठरवताना आज किती पाय घेता येतील याचा हिशेब न करता, दहा वर्षे किती मुलांची जबाबदारी पेलता येईल याचा हिशेब करावा, आणि तेवढीच मुले नोंदवावीत. बाकीच्यांची नावे दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे हे अपयश नाही. त्यांना खोटी आशा दाखवणे मात्र अन्याय आहे.

पाय दिल्यानंतर पहिल्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी संपर्क करावा. "पाय कसा आहे?" असे विचारले तर कृतज्ञतेपोटी "चांगला आहे" हेच उत्तर येते. त्याऐवजी काल किती तास घातला, कशासाठी काढला, कोठे दुखले, कोणते काम पायाशिवाय केले, असे विचारावे. घालण्याचे तास कमी होत चालले असतील तर प्रवासखर्च पाठवून त्या व्यक्तीला केंद्रात बोलवावे. ती स्वतःहून येईल अशी वाट पाहू नये. फोन बंद पडला किंवा कुटुंब विस्थापित झाले तर शोधता यावे, म्हणून नोंदणीच्या वेळीच, त्या व्यक्तीने स्वतः सुचवलेल्या दोन नातेवाइकांचा संपर्क घेऊन ठेवावा.

प्रत्येकाच्या हाती एक छोटे कार्ड द्यावे: सॉकेट कधी बनवले, पाऊल कोणत्या मापाचे, गुडघा कोणत्या प्रकारचा, कोणत्या केंद्रात बसवला आणि दुरुस्तीसाठी कोठे जायचे. त्यावर जखमेचे कारण लिहू नये. दुसऱ्या प्रदेशात स्थलांतर करावे लागले तर तेथील तंत्रज्ञाला या कार्डावरून पुढचा भाग निवडता येतो. नोंदवहीची मूळ प्रत केंद्राकडे राहावी, आणि गटाचे काम थांबणार असेल तर किमान सहा महिने आधी केंद्राला कळवून, पुढच्या वर्षी ज्यांचे सॉकेट बदलायचे आहे त्यांची यादी आणि तेवढा निधी त्यांच्या हाती द्यावा.